फुगेवाला उजव्या कोपऱ्यात : एका विद्यार्थिनीच्या इंटरमिजिएटचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. पाचवी ते दहावीच्या अकरा तुकड्या आणि कलाशिक्षक मी एकटी. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोन तासिका, त्याही ३५ मिनिटांच्या. पाणी आणणं, वर्तमानपत्र अंथरणं आणि "बाई, ब्रश घरी राहिला" यात दहा मिनिटं जातात. शिवाय फलकलेखन, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, मतदार जागृतीची पोस्टर्स ही कामं ओघानंच माझ्याकडे येतात. पुढे जे घडलं त्यात या वेळेच्या हिशेबाचा मोठा हात आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

माध्यमिक शाळेत चित्रकलेचा जो काही दबदबा उरला आहे तो शासकीय रेखाकला परीक्षेमुळे. तिलाच सगळे ग्रेड परीक्षा म्हणतात. कला संचालनालय ती घेतं: आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. आमच्याकडे मुलं आठवीत एलिमेंटरीला आणि नववीत इंटरमिजिएटला बसतात. दोन दिवस, चार पेपर. एलिमेंटरीला वस्तुचित्र (समोरची वस्तू बघून), स्मरणचित्र (दिलेल्या विषयावर, आठवणीतून), संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र, म्हणजे अनेक वस्तूंची मांडणी येते, भूमितीत घनभूमितीची भर पडते. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्याला दहावीत वाढीव गुण मिळतात: ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. पाचशेच्या हिशेबात ७ गुण म्हणजे १.४ टक्के. हे गुण सुरू झाल्यापासून नोंदणीची यादी लांबली आणि चित्रकलेशी फारसं देणंघेणं नसलेली मुलंही तिच्यात आली. येऊ देत की. शिकवण्याची रीत मात्र त्या यादीकडे बघून बदलली, आणि बदलणाऱ्यांत मी होतेच.

ज्या मुलीबद्दल हे लिहिते आहे तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचं नाव, दूध संस्थेचा बोर्ड, देवळावरचं 'जीर्णोद्धार' असं सगळं त्यांनी एकेकाळी हातानं रंगवलं. फ्लेक्स आला आणि दोनतीन वर्षांत ते काम गेलं. आता ते घरांना रंग देतात, रोलर मारतात. निवडणुकीच्या वेळी भिंती लिहायचं काम निघालं तर तेवढ्यापुरते जुने ब्रश बाहेर येतात. आई शेतात मजुरीला. मावशी बुधवारच्या बाजारात भाजी विकते आणि शाळा सुटल्यावर मुलगी तिच्यामागे गोणपाटावर बसलेली असते.

पहिल्यांदा ती माझ्या लक्षात आली सातवीत. वस्तुचित्राला मी टेबलावर तांब्या ठेवला होता. मुलं तांब्याचा तळ सरळ रेघेनं काढतात, कारण तो टेबलावर सपाट टेकलेला असतो हे त्यांना माहीत असतं. तोंडाचा लंबगोल काढतील, पण तळ म्हणजे पट्टीनं ओढलेली रेघ. हिच्या चित्रात तळाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त गोलावलेली होती. डोळ्यांच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितका लंबगोल उघडत जातो, हे मी अजून शिकवलंच नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "तसंच दिसतंय की बाई."

अडचण

आठवीत ती एलिमेंटरीला बसली. आमच्या शाळेची ३४ मुलं होती. ९ जणांना ए मिळाली, १४ जणांना बी, ८ जणांना सी, तिघं नापास. तिला सी.

मला आश्चर्य वाटलं. पण निकाल आला तेव्हा गॅदरिंग तोंडावर होतं आणि मी त्यात बुडालेली होते. तिला एवढंच म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी बघू." या वाक्याची किंमत जूनमध्ये कळली. इंटरमिजिएटची नावं गोळा करताना यादीत ती नव्हती. बोलावून विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "मला येत नाही बाई. पैसे वाया जातील."

मग मी जे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं ते केलं. चौकोनी कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, परीक्षेत स्मरणचित्र काढलंस ते पुन्हा काढून दाखव, रंग नको.

विषय आठवडे बाजाराचा होता. तिनं काढलेला बाजार मी आजवर कुणाच्या कागदावर पाहिला नव्हता. सगळी मुलं बाजार गिऱ्हाईकाच्या बाजूनं काढतात: समोर भाजीवाली, तिच्यापुढे टोपल्या, बाजूला आई आणि मूल. हिनं काढला तो मावशीच्या पाठीमागून. पुढे मावशीची पाठ, खोचलेला पदर, उलटा ठेवलेला तराजू. त्यापलीकडे गिऱ्हाइकांचे वाकलेले चेहरे, कुणी कोथिंबिरीची जुडी नाकाला लावलेली. एका कोपऱ्यात एक बाई खाली पडलेल्या मिरच्या वेचून पदरात टाकते आहे. एकूण अकरा माणसं. पेन्सिलीतच सव्वा तास गेला होता. दोन तासांच्या पेपरात उरलेल्या पाऊण तासात तिनं मावशीची साडी आणि दोन टोपल्या रंगवल्या, बाकी कागद पांढरा राहिला. बाहेरून पाहणाऱ्याच्या लेखी ते अर्धवट चित्र होतं, आणि खरंच ते अर्धवटच होतं.

ज्यांना ए मिळाली त्यांनी काय काढलं होतं हे मला विचारावं लागलं नाही. ते मीच शिकवलं होतं.

बाजारात ग्रेड परीक्षेची मार्गदर्शक पुस्तकं मिळतात. त्यांत तयार माणसं असतात: डोक्यावर टोपली घेतलेली बाई, फेटेवाले आजोबा, मुलाचं बोट धरलेली आई, छत्रीवाला, आणि फुगेवाला. फुगेवाला फार कामाचा. तो उभा असतो, त्याचे पाय मुलांच्या घोळक्यामागे लपवता येतात, म्हणजे अवघड पावलं काढावी लागत नाहीत, आणि वरचे फुगे रिकामं आकाश रंगानं भरून टाकतात. विषय यात्रा असो, बाजार असो की बसस्थानक, मागची इमारत बदलायची, माणसं तीच. त्या वर्षीच्या सराव परीक्षेतली चित्रं कपाटात होती, ती काढून मोजली. ३४ पैकी १९ चित्रांत फुगेवाला होता. सतरा वेळा उजव्या कोपऱ्यात.

म्हणजे अडचण एका मुलीच्या सी ग्रेडची होती असं वरवर दिसत असलं तरी मुळात प्रश्न असा होता: जिला बघता येतं तिला दोन तासांत पूर्ण करायला शिकवायचं, तेही तिचं बघणं न मोडता. आणि मुळात ती बसायलाच तयार नव्हती.

समोरचे पर्याय

एक मार्ग होता वर्षभर थांबायचा. नववीत नको, दहावीत बसव. पण दहावीच्या पोरीला वेळच उरत नाही. सकाळी जादा तास, संध्याकाळी जादा तास. शिवाय दहावीत परीक्षा दिली तर निकाल आणि वाढीव गुणांचा प्रस्ताव यांची वेळ एकमेकांच्या अंगावर येते, आणि काही बिनसलं तर पुढे संधी नाही. नववीत बिनसलं तर निदान एक वर्ष हाताशी राहतं. हा पर्याय मी लवकर सोडला आणि अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो.

दुसरा, गावातला खासगी क्लास. तीन महिन्यांचे साडेचार हजार, 'ए ग्रेडची खात्री'. वडिलांच्या पंधरा दिवसांच्या मजुरीला हात घालणारी रक्कम. तिथेही पुस्तकातली माणसंच पाठ करून घेतात, माझ्यापेक्षा जास्त शिस्तीनं.

तिसरा पर्याय मुख्याध्यापकांनी सुचवला. "बाई, तिचा हात चांगला आहे ना? मग तिला पण तेच बसवा. आठ दिवसांत उचलेल. ए घेऊन जाईल." ऐकायला हे कोरडं वाटेल, पण त्यांचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नव्हतं. मजुराच्या मुलीला अकरावीच्या प्रवेशाला एक-दीड टक्का कधी कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. आपल्या कलाविषयक मतांसाठी दुसऱ्याच्या पोरीचे दोन गुण पणाला लावायचा मला काय अधिकार? या प्रश्नावर मी तीनचार दिवस अडले होते.

चौथा मार्ग म्हणजे तिला तिच्या मनासारखं काढू द्यायचं आणि जी मिळेल ती ग्रेड घ्यायची. स्टाफरूममध्ये हा विचार फार उदात्त वाटतो. त्यातली मेख अशी की सी ग्रेडनंतर ती जे शिकली होती ते 'मला येत नाही' एवढंच होतं. दुसऱ्यांदा तसंच झालं असतं तर तिनं पेन्सिल ठेवून दिली असती.

शेवटी जे ठरलं ते तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधलं. माणसं पाठ करायची, पण स्वतःची. बाजारात, स्टँडवर, घरी जी दिसतात त्यांतली वीसेक माणसं वहीत इतक्या वेळा काढायची की परीक्षेत हात आपोआप चालेल. आणि वेळेचं गणित घड्याळ लावून बसवायचं.

त्याआधी वडिलांशी बोलणं भाग होतं.

वडिलांची भेट

ते कामावरून थेट आले, हातावर डिस्टेंपरचे शिंतोडे तसेच. खुर्चीवर बसेनात.

"बाई, तुम्ही सांगताय ते खरं असंल. पण मी बावीस वर्षं ब्रश धरला. एवढं वळणदार अक्षर तालुक्यात कुणाचं नव्हतं. आज काय करतोय? भिंतीला रोलर मारतोय. हिनं त्यातच जाऊन काय करायचं?"

मी त्यांना पुढचे रस्ते सांगितले. बारावीनंतर फाइन आर्टच्या पदवीला प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हेच पेपर असतात, शिवाय सामान्य ज्ञान. म्हणजे आत्ताचं शिकलेलं फुकट जात नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, १८५७ सालचं. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा ट्रेड आहे, त्यात भूमिती लागते. ते ऐकत होते, पण मुंबईचं नाव आलं तशी त्यांची नजर दाराकडे गेली. मी चुकत होते. चौदा वर्षांच्या मुलीच्या एका परीक्षेसाठी आलेल्या बापाला मी दहा वर्षांचा नकाशा दाखवत होते.

मग सहज, खरं तर विषय बदलायला म्हणून, मी विचारलं, "दादा, 'श्री' ची गाठ तुम्ही एका फटक्यात मारता का दोन?"

ते थांबले. म्हणाले, "ब्रश कोणता त्यावर आहे." आणि खडू घेऊन फळ्यावर मोठा 'श्री' काढून दाखवला. खडू आडवा धरून, चपट्या ब्रशासारखा, जाड-बारीक नेमकं जिथे हवं तिथे. वर्गाबाहेर मुलं गोळा झाली. मुलगी दारात उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की बापाला असं काही करताना तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

परीक्षेला अक्षरलेखन असतं आणि माझं अक्षरलेखन बेताचं आहे, हे मी त्यांना तिथंच सांगून टाकलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तासभर याल का? त्यांनी 'बघतो' म्हटलं. पुढच्या शनिवारी ते आले. असे चार शनिवार आले.

काय केलं

अक्षरलेखनाचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं झालं. मी दरवर्षी मुलांना चौकटी आखून ठशांची अक्षरं भरायला लावायचे. पेंटरदादांनी पहिल्या शनिवारी अक्षर शिकवलंच नाही. दोऱ्याला खडूची भुकटी लावून दोन मुलांना तो फळ्यावर ताणून धरायला लावला आणि मधे टिचकी मारली. सरळ रेघ उमटली. मग म्हणाले, आता दोन अक्षरांमधली मोकळी जागा बघा, अक्षर नंतर. 'बाजार' लिहिताना काना शेजारी आला की जागा कमी सोडायची, 'र' च्या पोटात आधीच हवा असते. पट्टीनं मोजून सारखं अंतर सोडलं तर पाटी फाटकी दिसते. हे मला एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला शिकवलं असेल, पण इतक्या सोप्या शब्दांत कधी ऐकलं नव्हतं.

संकल्पचित्रात ती कंटाळायची. चौकोनात तेच तेच आकार, सपाट पोस्टर कलर, कड बाहेर जायला नको. तिला मी तिच्या आजीची वाकळ शाळेत आणायला सांगितली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, कडेकडेनं फिरत आत येणारी टाक्यांची ओळ. कुठला गडद तुकडा कुठल्या फिक्याशेजारी बसवला, एकच हिरवा तीन ठिकाणी का टाकला, हे आजीला विचारून यायला लावलं. आजीचं उत्तर होतं, "तेवढंच उरलं होतं." त्या उत्तरावर आम्ही दोघी हसलो, पण परीक्षेत ठरावीकच रंग वापरायचे असतात तेव्हा 'तेवढंच उरलं आहे' असं समजून काम करायची युक्ती तिला सापडली.

भूमितीशी तिचं कधीच जमलं नाही. सुसम पंचकोन, स्पर्शिका, घनाकृतींचे प्लॅन-एलिव्हेशन, म्हणजे त्या वरून आणि समोरून कशा दिसतील ते. गुण जातील तेवढे जातील म्हणून आम्ही नेमके आठ प्रकार निवडून घोटले. यावर याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खरी कसरत स्मरणचित्राची. मी तिला पाठकोऱ्या कागदांची वही शिवून दिली. रोज तीन माणसं, प्रत्येकी एक मिनिट, समोर बघून. आणि संध्याकाळी त्यांतलंच एक न बघता. जुलैअखेर वहीत शंभरावर माणसं होती. त्यांतून आम्ही वीस निवडली. स्टँडवरच्या बाकावर झोपलेला माणूस, दुधाचे कॅन सायकलला अडकवणारा, कडेवरचं पोर सावरत पिशवी उचलणारी, चप्पल हातात घेऊन चिखलातून जाणारी म्हातारी. पुस्तकातल्या माणसांपेक्षा ही माणसं जड होती, त्यांना वजन होतं. फक्त हात आणि पावलं कच्ची होती.

वेळ असा वाटला: पंधरा मिनिटं छोटे कच्चे आराखडे, पस्तीस मिनिटं पेन्सिल, एक तास रंग, शेवटची दहा मिनिटं गडद जागा आणि पार्श्वभूमी. माणसं जास्तीत जास्त पाच. पहिल्या सरावाला तिनं आठ काढली. दुसऱ्याला सात. मी मोबाईलवर घंटा लावायचे आणि घंटा झाली की पेन्सिल काढून घ्यायचे. एकदा ती रडली. पाच माणसांत बाजार होत नाही म्हणाली. मग तिला सांगितलं की उरलेली सहा माणसं मागे रंगाच्या डागांत दाखव, चेहरा नको, नुसती टोपी, नुसता पदर. हे तिला पटायला दोन आठवडे लागले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना औंधला घेऊन गेले. श्री भवानी संग्रहालय आमच्याच जिल्ह्यात आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढत. त्यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं भिंतीवर आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे, ज्याच्यासमोरून आमची निम्मी मुलं 'हे अर्धं राहिलंय' म्हणत पुढे गेली. ही रविवर्म्यापाशी बराच वेळ उभी होती. मला वाटलं दागिने बघते आहे. जवळ गेले तर म्हणाली, "बाई, याला पण हात अवघड जात असतील का?"

इथं माझी एक चूक उघडी पडली. जूनमध्ये मी जोशात तिच्याकडचं मार्गदर्शक पुस्तक काढून घेतलं होतं. नकलेची सवय नको म्हणून. पण हात आणि पावलं नुसती बघून येत नाहीत. कुणीतरी ती कशी सोडवली आहेत हे बघून, गिरवून, मग येतात. जे. जे. मध्येसुद्धा सुरुवातीच्या काळात विद्यार्थी प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवायचे. नक्कल करून शिकणं आणि नक्कल कागदावर चिकटवून येणं यांत फरक आहे, आणि तो मला मुलीला सांगता यायला हवा होता. मी सरसकट बंदी घातली. औंधहून आल्यावर पुस्तक परत दिलं, फक्त हातांची पानं काढायला सांगितली. तोवर परीक्षेला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. हे सगळं मी एका मुलीसाठी केलं. त्याच वर्षीच्या उरलेल्या २८ जणांना मी फुगेवालाच शिकवला. वेळ नव्हता हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

निकाल

परीक्षा तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत झाली. स्थिरचित्राला तिला अगदी कडेची जागा मिळाली, जिथून मांडणीतली बादली अर्धी पातेल्याआड जात होती. इतर मुलं अशा वेळी समोरून दिसेल तशी पाठ केलेली बादली काढतात. ही खूश होती, झाकलेलं कमी काढावं लागतं म्हणून.

स्मरणचित्राचा विषय बसस्थानकाचा निघाला. संध्याकाळी तिनं मला वहीत कच्चं काढून दाखवलं: पुढे बाकावर झोपलेला माणूस, त्याच्या डोक्याशी दुधाचे दोन कॅन, मागे एसटीच्या दारात लटकलेली गर्दी डागांत. पाच माणसं. चांगलं बसलं होतं. मग डाव्या कोपऱ्यात बोट गेलं माझं.

"हा कोण?"

ती जरा लाजली. "फुगेवाला. ती जागा मोकळीच राहिली होती, आणि दहाच मिनिटं उरली होती बाई."

मी खूप हसले. मग तीही.

तिला बी ग्रेड मिळाली. कुठल्या पेपरनं ए अडवली हे सांगता येणार नाही. माझा संशय भूमितीवर आहे, पण तो संशयच. २९ पैकी ११ जणांना ए मिळाली, त्यांत फुगेवाले बरेच. मुख्याध्यापकांनी यादी सूचनाफलकावर लावली आणि माझं अभिनंदन केलं. तिच्या बी बद्दल ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

दहावीत वाढीव गुणांच्या प्रस्तावाला एक फाटा फुटला. ग्रेड परीक्षेच्या प्रमाणपत्रावर तिच्या वडिलांचं नाव एका अक्षरानं वेगळं होतं. चूक आमच्याच शाळेतून नोंदणी करताना झाली होती, म्हणजे माझी. दुरुस्तीसाठी धावपळ करावी लागली, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी कागद गेले. दहावीला तिला ३८७ गुण होते, पाच मिळून ३९२ झाले. टक्केवारी ७७.४० ची ७८.४० झाली.

आता ती तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला आहे, कला शाखेत. फाइन आर्टची प्रवेश परीक्षा द्यायची की नाही हे ठरलेलं नाही. वडील म्हणतात बारावी होऊ दे. रविवारी ती एका फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर अक्षरं बसवायला जाते आणि तिथल्या फॉन्टमधल्या 'श्री' ला नावं ठेवते. शाळेनं पेंटरदादांना आवाराच्या भिंतीवरचे सुविचार लिहायचं काम दिलं. पैसे मिळायला दोन महिने लागले.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, एलिमेंटरीच्या दुसऱ्या दिवशी. मुलं केंद्रावरून परत येतात तेव्हा चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे ताजं असतं. तेव्हाच कागद द्यायचा: काय काढलंस ते परत काढ. कुणाचा वेळ कशात गेला, कुणाचं काय राहिलं, हे ग्रेडवरून कधीच कळत नाही आणि चित्र काही परत हाती येत नाही. माझे यात काही महिने गेले, आणि त्या महिन्यांत एक मुलगी स्वतःबद्दल चुकीचा निष्कर्ष काढून बसली. आता मी हे दरवर्षी करते. एक तासिका लागते.

पुस्तक काढून घेणार नाही. त्यातली माणसं कापून मुलांना देईन, आणि प्रत्येक माणसाला बाजारात जाऊन शोधून आणायला सांगेन. फेटेवाले आजोबा सापडतात का? फुगेवाला सापडला तर त्याचे पाय कसे दिसतात?

वडिलांशी पहिल्या भेटीत मुंबई काढणार नाही. आणि त्यांना मुलीसाठी आणण्याऐवजी आधीपासूनच वर्गासाठी आणेन. गावात मडकी घडवणारे आहेत, मांडव सजवणारे आहेत, गणपती रंगवणारे आहेत. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, सहावी ते आठवीच्या मोठ्या शाळांसाठी कलेच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. माझ्या शाळेत अशी माणसं अजून सुविचार लिहायलाच बोलावली जातात.

ए की बी, हा प्रश्न मात्र माझ्यासाठी सुटलेला नाही. मी तिला पुस्तकातली माणसं पाठ करायला लावली असती तर कदाचित तिला ७ गुण मिळाले असते. हे दोन गुण मी तिच्या वतीनं खर्च केले, तिला न विचारता. पुढच्या वेळी निदान मुलाला आणि घरच्यांना दोन्ही रस्ते समोर ठेवून विचारेन, आणि ते म्हणाले पुस्तकच द्या, तर पुस्तक देईन.

यंदा आठवीच्या सराव परीक्षेत ३१ चित्रं आली. विषय यात्रेचा. फुगेवाला १२ चित्रांत निघाला, त्यांतल्या नऊ चित्रांत उजव्या कोपऱ्यात. एका चित्रात त्याचा एक फुगा फुटलेला होता, आणि खाली एक पोरगं हातातल्या नुसत्या दोऱ्याकडे बघत होतं. ते मी बाजूला काढून ठेवलं आहे.